डिझेल पिकअपसाठी इंजिन ऑइल आणि फिल्टर: निवड कशी करायची, बदल कधी आणि कसा करायचा

दुकानात काउंटरवर गेलं की पहिला प्रश्न येतो, "कुठल्या कंपनीचं देऊ?" हा प्रश्न खरं तर सगळ्यात शेवटी यायला हवा. कॅनच्या पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत जे छापलेलं असतं, त्यापेक्षा मागचा बारीक मजकूर जास्त कामाचा. त्यातल्या दोन ओळी वाचता आल्या की निवडीचं बहुतेक काम तिथंच होतं. एक ओळ एपीआय (अमेरिकन) किंवा एसीईए (युरोपियन) दर्जाची, म्हणजे ऑइल कुठल्या इंजिनासाठी आणि कुठल्या कसोटीला उतरलेलं ते सांगणारी; दुसरी एसएई ग्रेडची, म्हणजे ऑइलच्या जाडीची. तिसरी गोष्ट मात्र कॅनवर कुठंच छापलेली नसते. ती म्हणजे तुमची गाडी दिवसभर नेमकं काय करते. आपल्या ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात वाशीच्या एपीएमसीत रात्री गेटबाहेर रांगेत उभी राहणारी पिकअप, भिवंडीच्या गोदामातून घोडबंदरला माल टाकणारी पिकअप आणि तळोज्याच्या एमआयडीसीत धुळीत फिरणारी पिकअप, या तिघींचं मॉडेल एकच असलं तरी ऑइल-फिल्टरचं वेळापत्रक एकच ठेवून चालणार नाही.

आधी आरसी काढा

गाडी बीएस-४ आहे की बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचे सरकारी मानदंड), हे आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, लिहिलेलं असतं. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झालं, आणि ऑइलच्या निवडीत सगळ्यात मोठी रेघ तिथंच ओढली गेली. बहुतेक बीएस-६ डिझेल पिकअपच्या सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ असतो. धुरातली काजळी अडवणारी ही बारीक छिद्रांची जाळी. अडकलेली काजळी साधारण ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास जाळून टाकता येते, आणि गाडीचा कॉम्प्युटर ते काम अधूनमधून स्वतःच करतो. पण ऑइलची राख जळत नाही.

ही राख येते कुठून? ऑइलमध्ये इंजिन स्वच्छ ठेवणारी कॅल्शियम-मॅग्नेशियमची द्रव्यं असतात, झीज रोखणारं जस्ताचं द्रव्य असतं. पिस्टनच्या रिंगांवरून थोडं ऑइल नेहमीच वर जाऊन जळतं आणि या द्रव्यांची राख मागे उरते. ती डीपीएफमध्ये साठत जाते. एकदा भरली की डीपीएफ उतरवून साफ करून घ्यायचा किंवा नवा बसवायचा, आणि दोन्ही कामं खर्चिक. म्हणून बीएस-६ गाडीला कमी राखेचं ऑइल लागतं. एपीआयच्या भाषेत ते सीजे-४ किंवा सीके-४. या दोन्हींत सल्फेटेड राख वजनाच्या १ टक्क्यापर्यंतच चालते. युरोपच्या एसीईए पद्धतीत सी२ किंवा सी३, त्यात ही मर्यादा आणखी खाली, ०.८ टक्के. जुन्या सीआय-४ दर्जाला अशी मर्यादा घातलेलीच नव्हती.

मॅन्युअलमध्ये एसीईए सी३ लिहिलं असेल तर "सीके-४ पण कमी राखेचंच आहे" म्हणून ते ओतू नका. दोघांच्या कसोट्या वेगळ्या आहेत. काही कॅनवर दोन्ही दर्जे छापलेले असतात, तसं असेल तर हरकत नाही. मॅन्युअलमध्ये कंपनीचा स्वतःचा मंजुरी क्रमांक दिला असेल, तर तो क्रमांक कॅनच्या मागे जसाच्या तसा सापडायला हवा. "योग्य आहे" असं लिहिणं आणि "मंजूर आहे" असं लिहिणं यात फरक असतो. वॉरंटी चालू असलेल्या गाडीसाठी मंजुरीवालाच कॅन घ्या.

बीएस-४ आणि त्याआधीच्या, डीपीएफ नसलेल्या गाड्यांना सीआय-४ किंवा सीआय-४ प्लस पुरेसं आहे. त्यांत सीके-४ घातलं तरी चालतं, कारण हा दर्जा मागच्या दर्जांची जागा घेण्यासाठीच बनवला आहे. उलट दिशेनं, म्हणजे बीएस-६ गाडीत सीआय-४, मात्र जाऊ नका. अनेक जुन्या मिस्त्रींचं ठाम मत असतं की सीआय-४ मध्ये "ताकद" जास्त. त्यामागे एक खरी गोष्ट आहे. जुन्या डिझेलमध्ये गंधक भरपूर असायचं, जळल्यावर त्याचं आम्ल बनायचं आणि ते मारायला ऑइलमध्ये अल्कधर्मी द्रव्यं जास्त लागायची. बीएस-६ डिझेलमध्ये गंधक दहा लाखात फक्त १० भाग असतं, बीएस-४ मध्ये ५० होतं. आता ती जादा अल्कधर्मी द्रव्यं डीपीएफमध्ये राख होऊन बसण्यापलीकडे फारसं काही करत नाहीत.

दोन खबरदाऱ्या. एपीआयचा एफए-४ नावाचाही एक दर्जा आहे, सीके-४ च्या बरोबरीनंच आलेला. तो मुद्दाम पातळ ठेवलेला असतो आणि जुन्या इंजिनांना चालत नाही, तेव्हा मॅन्युअलमध्ये त्याचं नाव नसेल तर घेऊ नका. दुसरी, एस अक्षरानं सुरू होणारे दर्जे पेट्रोल इंजिनाचे, सी नं सुरू होणारे डिझेलचे. कॅनवर दोन्ही असतील तर आधी छापलेला दर्जा कुठला ते बघा. पिकअपसाठी सी आधी हवा.

१५डब्ल्यू-४० की ५डब्ल्यू-३०

डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या स्टार्टिंगचा. १५डब्ल्यूची चाचणी उणे २० अंशांवर होते, ५डब्ल्यूची उणे ३० वर. ठाण्यात जानेवारीच्या पहाटेही पारा यांच्या जवळपास फिरकत नाही, त्यामुळे नुसतं "थंडीत बरं" म्हणून ५डब्ल्यूला जास्त पैसे देण्यात अर्थ नाही. डब्ल्यूनंतरचा आकडा इंजिन तापल्यावरच्या जाडीचा. १०० अंशांवर ३० ग्रेडचं ऑइल ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स (जाडी मोजायचं एकक) भरतं, ४० चं १२.५ ते १६.३, ५० चं १६.३ ते २१.९. बेअरिंगमधला ऑइलचा थर किती जाड राहणार ते या आकड्यावर ठरतं.

मॅन्युअलमध्ये १५डब्ल्यू-४० असेल तर १५डब्ल्यू-४०, ५डब्ल्यू-३० असेल तर ५डब्ल्यू-३०. ऐकायला फार साधं वाटतं, पण चुका इथंच जास्त होतात. ५डब्ल्यू-३० साठी बनवलेल्या इंजिनात बेअरिंगच्या फटी, ऑइल पंप आणि पिस्टनवर थंडावा फवारणारे जेट त्याच जाडीच्या हिशेबानं बेतलेले असतात. त्यात "मुंबईची गरमी आहे, जाड घाला" म्हणून २०डब्ल्यू-५० ओतलं, तर सकाळी पहिल्या स्टार्टला ऑइल टर्बोपर्यंत (इंजिनात जादा हवा दाबून भरणाऱ्या पंख्यापर्यंत) उशिरा पोचतं. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, त्याला कोरडं फिरणं परवडत नाही. बाहेरची गरमी इथं मुद्दाच नाही, कारण ऑइलचं तापमान ठरतं इंजिनाच्या आतल्या कामावर, आणि ते सांभाळायला कूलंट आणि थर्मोस्टॅट आहेत.

लाखो किलोमीटर चाललेलं इंजिन ऑइल खायला लागलं की जाड ग्रेड घालून दिवस ढकलायचा सल्ला मिळतो. त्यानं धूर जरा कमी दिसतो, रिंगा मात्र बदलत नाहीत. आधी ब्रीदर (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी) बुजलाय का, टर्बोच्या पाइपात ऑइल साचतंय का, व्हॉल्व्हचे सील गेलेत का, ते बघून घ्या.

सिंथेटिक घ्यायचं का? ५डब्ल्यू-३० सारखे ग्रेड सिंथेटिक किंवा सेमी-सिंथेटिक तेलातच येतात, तिथं निवड उरतच नाही. १५डब्ल्यू-४० मध्ये चांगल्या दर्जाचं मिनरल ऑइल वेळेवर बदललेलं कधीही बरं. महाग सिंथेटिक घालून "आता वर्षभर बघायला नको" असं केलं तर पैसेही जातात आणि इंजिनही.

मीटर अर्धीच गोष्ट सांगतो

कंपनीनं दिलेलं अंतर, मग ते १०,००० किमी असो वा काही नव्या मॉडेलना असतं तसं २०,०००, हायवेवर एकसारख्या वेगानं धावणाऱ्या गाडीचं असतं. आपल्याकडची गाडी उभी जास्त असते. माल उतरेपर्यंत इंजिन चालू, मुंब्रा बायपासला रांग, ऐरोली पुलाच्या तोंडाशी रांग, तुर्भ्यात गेट उघडेपर्यंत रांग. चाकं थांबलेली असतात, पण ऑइल फिरतच असतं आणि खराब होतच असतं.

हिशेबासाठी ट्रकवाल्यांमध्ये एक ठोकताळा चालतो: एक तास आयडल (गाडी उभी, इंजिन चालू) म्हणजे सुमारे ४० किमी चालल्यासारखं. समजा गाडी रोज दोन तास उभ्यानं चालू असते आणि महिन्यात २५ दिवस धंदा होतो. म्हणजे ५० तास, म्हणजे मीटरवर न दिसलेले २,००० किमी. मीटरवर महिन्याला २,५०० दिसत असतील तर इंजिनाचे झाले ४,५००. चार महिन्यांनी मीटर १०,००० दाखवतो, तेव्हा ऑइलनं १८,००० किमीचं काम केलेलं असतं.

मॅन्युअलमध्ये "कठीण वापर" अशा अर्थाचा वेगळा तक्ता असतो. धूळ, कायम पूर्ण लोड, छोट्या फेऱ्या, जास्त आयडल हे सगळं त्यात मोडतं. शहरात डिलिव्हरीवर असलेली जवळजवळ प्रत्येक पिकअप त्याच तक्त्यात येते. तो तक्ता पाळा. तो नसेल तर नेहमीच्या अंतराच्या दोन तृतीयांशावर ऑइल बदलावं असं आमचं मत आहे, आणि रोजचं आयडल तीन तासांच्या वर जात असेल तर निम्म्यावर. किलोमीटर भरले नाहीत तरी वर्षाला एकदा बदल हवाच. आणि सगळ्यात स्वस्त उपाय: रांग पाच मिनिटांपेक्षा जास्त हलणार नाही असं दिसलं की इंजिन बंद करा. फक्त लोड घेऊन घाट चढून आल्यावर एक-दोन मिनिटं आयडलवर ठेवून मग बंद करा, म्हणजे टर्बोतलं गरम ऑइल जागीच करपत नाही.

ऑइल फिल्टर: बाहेरून सारखा, आतून वेगळा

पत्र्याचा डबा, खाली रबर, मध्ये आटे. दोन फिल्टर शेजारी ठेवले तर फरक कळत नाही, आणि नकली मालाचा धंदा त्यावरच चालतो. आत चार गोष्टी असतात. गाळणारा कागद, तो दबू नये म्हणून आतली जाळीची नळी, इंजिन बंद झाल्यावर ऑइल परत चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत) उतरू न देणारी रबरी चकती, आणि कागद बुजला तर ऑइलला पर्यायी वाट देणारा बायपास व्हॉल्व्ह.

हलक्या फिल्टरमधली रबरी चकती काही आठवड्यांत कडक होते. मग रात्रभर उभ्या गाडीत फिल्टर रिकामा होतो आणि सकाळी स्टार्ट केल्यावर ऑइलचा दिवा दोन-तीन सेकंद जास्त रेंगाळतो, वरून खडखड ऐकू येते. नवीन फिल्टर बसवल्यावर ही लक्षणं सुरू झाली तर दोष इंजिनात शोधू नका. बायपास व्हॉल्व्हची स्प्रिंग हलकी असेल तर तो नको तेव्हा उघडतो आणि न गाळलेलं ऑइल बेअरिंगला जातं. हे बाहेरून दिसत नाही, ऐकू येत नाही, म्हणूनच ते जास्त घातक.

"हा पण बसतो" म्हणून दुसऱ्या गाडीचा फिल्टर कधीच घेऊ नका. एक उदाहरण पुरेल. बाजारात २० मिलिमीटर व्यासाचे, दीड मिलिमीटर आट्यांचे फिल्टर आहेत, तसेच पाऊण इंचाचे, इंचाला सोळा आट्यांचेही आहेत. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिमी. मोठ्या आट्यांचा फिल्टर लहान नळीवर फिरतो, थोडा घट्टही वाटतो, पण आट्यांची पकड अर्धवटच असते. थंड इंजिनात दाब चढला की तो निसटतो आणि चेंबरमधलं ऑइल मिनिटाच्या आत रस्त्यावर येतं. त्यामुळे पार्ट नंबर पाहून, शक्यतो जुन्या फिल्टरवरचा नंबर आणि मॅन्युअलमधला नंबर दोन्ही जुळवूनच घ्या.

काही नव्या इंजिनांत पत्र्याच्या डब्याऐवजी नुसता कागदी कार्ट्रिज असतो, वर प्लास्टिकचं झाकण. तिथं फिल्टरबरोबर नवीन ओ-रिंग येते. ती जुन्याच खाचेत बसवा, एक खाच वर-खाली झाली तर गळती ठरलेली. झाकणावर घट्ट करायचा टॉर्क (किती जोरानं आवळायचं तो आकडा) छापलेला असतो, तो पाळा. प्लास्टिक तडकतं.

ऑइल बदललं की फिल्टरही बदलायचाच. "फिल्टर एक आड एक" या सवयीत वाचतात ते पैसे थोडे, आणि जुन्या फिल्टरमध्ये राहिलेलं काळं ऑइल नव्यात मिसळतं ते वेगळंच.

डिझेल फिल्टर: पावसाळ्यात इथंच खरा खर्च वाचतो

कॉमन रेल इंजिनात, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल पुरवणाऱ्या इंजिनात, डिझेलचा दाब १,६०० बार आणि त्याच्याही वर जातो. सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या आतल्या फटी दोन-चार मायक्रॉनच्या, माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी बारीक. या फटींना वंगण डिझेलच देतं. डिझेलबरोबर पाणी गेलं की ते वंगण तुटतं, गंज चढतो आणि पंपाचा बारीक चुरा सगळ्या लाइनभर पसरतो. मग एक इंजेक्टर बदलून भागत नाही. पंप, रेल, इंजेक्टर, टाकी धुणं, सगळंच करावं लागतं.

पाणी येतं कुठून? खाडीकाठची दमट हवा, अर्धी रिकामी टाकी आणि रात्रीची घसरलेली उष्णता. टाकीच्या आतल्या पत्र्यावर दव धरतं आणि ते तळाशी जमतं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत हे रोज थोडं थोडं होत राहतं. टाकीच्या झाकणाचं रबर फुगलं असेल तर पावसाचं पाणी थेट आत जातं. दोन सवयी लावून घ्या: डिझेल सकाळी भरण्याऐवजी संध्याकाळी धंदा संपवून भरा आणि झाकणाचं रबर पावसाळ्याआधी बदला. पंपावर टँकर नुकताच खाली झालेला दिसला तर तासाभरानं या, तळातला गाळ तेव्हा ढवळलेला असतो.

डिझेल फिल्टरच्या खाली पाणी काढायचा स्क्रू असतो. पावसाळ्यात दर आठवड्याला, एरवी महिन्यातून एकदा, सकाळी गाडी चालू करण्याआधी तो सैल करा आणि पारदर्शक बाटलीत कपभर डिझेल घ्या. पाणी तळाशी वेगळं दिसतं. स्वच्छ डिझेल यायला लागलं की बंद करा आणि हातपंप दाबून दाब भरा. डॅशबोर्डवर फिल्टरमधल्या पाण्याचा दिवा लागला तर त्याच ठिकाणी थांबून पाणी काढा, "गोदामापर्यंत जाऊ" म्हणू नका. पाणी काढूनही दिवा दोन दिवसांत परत लागला तर टाकी उतरवून साफ करायची वेळ आली आहे.

फिल्टर घेताना पाणी वेगळं करणाराच घ्या. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीचा साधा फिल्टर दिसायला तसाच असतो, पण तो इतकं बारीक गाळत नाही. बदलताना नवीन फिल्टरमध्ये कॅनमधलं डिझेल ओतून भरण्याची पद्धत कॉमन रेलला चालत नाही, कारण ते न गाळलेलं डिझेल थेट स्वच्छ बाजूला जाऊ शकतं. फिल्टर कोरडा बसवा, हातपंप कडक होईपर्यंत दाबा, चावी तीन-चार वेळा ऑन-ऑफ करा आणि मग स्टार्टर मारा. एका वेळी दहा सेकंदांहून जास्त स्टार्टर मारू नका. हवा काढायला इंजेक्टरचे पाइप सैल करायची जुनी पद्धत इथं जिवावर बेतू शकते. या दाबाची डिझेलची धार कातडी फोडून आत शिरते आणि जखम वरून टोचल्याएवढीच दिसते. असं कुणाला झालं तर लगेच हॉस्पिटल गाठा, वाट पाहू नका.

एअर फिल्टर

तळोजा, कळंबोली, रबाळे-महापेचे आतले रस्ते, घोडबंदर रोडला चालू असलेली बांधकामं. या धुळीत वाळूचे कण असतात आणि ते सिलिंडरची भिंत घासतात. इथं दोन टोकाच्या चुका होतात. एक म्हणजे फिल्टर विसरणं. दुसरी, जास्त वेळा होणारी, म्हणजे दर आठवड्याला काढून कॉम्प्रेसरची हवा मारणं. टायरच्या हवेचा पूर्ण दाब मारला की कागदाला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं पडतात आणि मग फिल्टर असून नसल्यासारखा. शिवाय थोडी धूळ धरलेला कागद नव्या कागदापेक्षा बारीक गाळतो, त्यामुळे उगाच उघडू नये. साफ करायचाच असेल तर आतून बाहेर, दोन बारपेक्षा कमी दाबानं, नोझल लांब धरून, आणि एका फिल्टरला एक-दोनदाच. नंतर अंधारात आतून बल्ब धरून बघा. प्रकाशाचा ठिपका दिसला तर फेकून द्या.

फिल्टर नवा आहे आणि तरी त्याच्या पुढच्या पाइपात आत बोट फिरवल्यावर धूळ लागते? मग रबरी पाइप तडकला आहे किंवा क्लिप सैल आहे. हे बोट फिरवून बघणं प्रत्येक सर्व्हिसला करा. सखल भागात भरलेल्या पाण्यातून गाडी काढली असेल तर एअर फिल्टरचं घर उघडून बघा. कागद ओला असेल आणि गाडी बंद पडली असेल तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

खरा कॅन कसा ओळखायचा

तुर्भ्याच्या ट्रक टर्मिनलभोवती किंवा कळंबोलीला स्पेअरची दुकानं भरपूर आहेत, प्रामाणिक दुकानदारही भरपूर. तरीही जीएसटी बिलाशिवाय ऑइल घेऊ नका आणि बिलावर बॅच नंबर लिहून घ्या. झाकणाची कडी उघडताना तुटायला हवी, आधीच तुटलेली किंवा चिकटवलेली नको. झाकणाखालचं सील एकसंध हवं. कॅनवरचा आणि खोक्यावरचा बॅच नंबर जुळायला हवा. क्यूआर कोड असेल तर दुकानातच स्कॅन करा, आणि तो कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर नेतो का ते बघा. सुट्या ड्रममधून मापानं मिळणारं ऑइल बीएस-६ गाडीत अजिबात नको. किंमत बाजारभावापेक्षा फारच कमी असेल, तर त्याचं कारण तुम्हाला इंजिन उघडल्यावर कळतं.

रिकामे कॅन भंगारात देण्याआधी पोट फाडून द्या. आख्खे कॅन पुन्हा भरले जातात.

बदलताना

मॅन्युअलमध्ये ऑइलच्या मापाचे बहुधा दोन आकडे असतात, फिल्टरसकट आणि फिल्टरविना. या वर्गातल्या इंजिनांना साधारण चार ते सात लिटर लागतं. नेमका आकडा तुमच्या मॉडेलचाच घ्या.

गाडी सपाट जागी, हँडब्रेक, चाकांना ठोकळे. इंजिन पाच-दहा मिनिटं चालवून कोमट करा, कडक गरम नको. वरचं ऑइल भरायचं झाकण उघडा, म्हणजे हवा आत येऊन ऑइल नीट उतरतं. चेंबरचा बोल्ट काढा आणि किमान वीस मिनिटं निथळू द्या. शेवटची धार थेंबांवर आली की लगेच बोल्ट लावायची घाई गॅरेजात नेहमी होते, त्यात थोडं काळं ऑइल आतच राहतं. बोल्टच्या टोकाला चुंबक असेल तर त्यावरचा करडा लगदा सामान्य, पण चमकणारे तुकडे दिसले तर इंजिन दाखवून घ्या. बोल्टचा वायसर प्रत्येक वेळी नवा. बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कवरच घट्ट करा, लांब पान्यावर लोंबकळू नका. अ‍ॅल्युमिनियमच्या चेंबरचे आटे गेले तर पूर्ण चेंबर बदलावा लागतो.

फिल्टर काढल्यावर जुनं रबर इंजिनालाच चिकटून राहिलेलं नाही ना, ते बोटानं बघा. दोन रबरं एकावर एक बसली तर स्टार्ट करताच ऑइल बाहेर. नव्या रबराला ताजं ऑइल बोटानं लावा, हातानं फिरवा, रबर टेकल्यावर पाऊण फेरा. फिल्टरवर वेगळं छापलं असेल तर तसं. पान्यानं घट्ट करू नका.

चेंबर रॉकेल किंवा डिझेलनं धुण्याचा आग्रह मोडून काढा. थोडं तरी आत राहतंच आणि नवं ऑइल पातळ करतं. सुटलेला गाळ ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो. ऑइलमध्ये घालायच्या बाटल्यांचीही गरज नाही, लागणारी द्रव्यं कारखान्यातच मापून घातलेली असतात.

मापापेक्षा अर्धा लिटर कमी भरा आणि इंजिन आयडलवर चालू करा. ऑइलचा दिवा काही सेकंदांत विझायला हवा, तोवर रेस देऊ नका. विझला नाही तर लगेच बंद. एक-दोन मिनिटांनी बंद करून फिल्टर आणि बोल्टजवळ गळती बघा, दहा मिनिटं थांबा, मग गेज पट्टी बघून उरलेलं भरा. पातळी वरच्या खुणेच्या किंचित खाली. खुणेच्या वर गेलेलं ऑइल क्रँक घुसळतो, फेस होतो, ब्रीदरमधून ते हवेच्या वाटेनं सिलिंडरमध्ये जातं. डिझेल इंजिन स्वतःचंच ऑइल जाळून बेफाम पळू शकतं आणि चावी बंद केली तरी थांबत नाही. जास्त झालेलं काढून टाका.

बदललेली तारीख, किलोमीटर, ऑइलचा दर्जा-ग्रेड आणि फिल्टरचे नंबर वहीत लिहा. नव्या फिल्टरवरही मार्करनं तारीख टाका, म्हणजे पुढच्या वेळी फिल्टर खरंच बदलला का, याचा वाद उरत नाही. शेवटी बीएस-६ गाडीचा सर्व्हिस काउंटर स्कॅनरनं शून्यावर आणून घ्या.

पट्टी काय सांगते

दोन दिवसांत ऑइल काळं झालं म्हणून घाबरू नका. डिझेलमध्ये ते होतंच, ऑइल काजळी धरून ठेवतंय याचीच ती खूण. दुधाळ किंवा चॉकलेटी लगदा दिसला तर कूलंट किंवा पाणी मिसळलं आहे, गाडी चालवू नका. पातळी हळूहळू कमी होणं बहुतेकांच्या लक्षात येतं. वाढणं येत नाही, आणि बीएस-६ मध्ये तेच जास्त बघायला हवं. डीपीएफ साफ करायला कॉम्प्युटर सिलिंडरमध्ये उशिरा जादा डिझेल सोडतो. ते जाळणं मध्येच तुटलं, म्हणजे प्रत्येक वेळी पाच मिनिटांत गाडी बंद केली, की त्यातलं काही डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून चेंबरमध्ये उतरतं. पट्टीवर पातळी वरच्या खुणेपलीकडे गेली आणि वासाला डिझेल असेल तर किलोमीटर किती झाले ते न बघता ऑइल बदला.

हे टाळायला आठवड्यातून एकदा तरी गाडी सायन-पनवेल किंवा नाशिक हायवेवर वीस-तीस मिनिटं एकसारख्या वेगानं, ६० च्या वर, चालू द्या. डीपीएफचा दिवा लागला असेल तर गाडी बंद न करता हीच फेरी मारा. दिवा तरीही गेला नाही तर सर्व्हिस सेंटर.

रस्त्यात ऑइल कमी पडलं आणि योग्य दर्जाचं मिळालं नाही, तर एक लिटरपर्यंत दुसरं डिझेल ऑइल घालून घरी येता येतं. मिनरल आणि सिंथेटिक एकमेकांत मिसळतात, फुटत नाहीत. पण मिश्रणाचा दर्जा त्यातल्या हलक्या ऑइलचा धरायचा आणि बदल लवकर करायचा.

जुनं ऑइल नाल्यात नको

वापरलेलं ऑइल कायद्यानं घातक कचरा आहे, २०१६ च्या नियमांत तसं नोंदलेलं आहे. एक रिकामा कॅन त्यासाठी राखून ठेवा, बाकीचे फाडा. जुन्या ऑइलमध्ये पाणी, कूलंट, ब्रेक ऑइल मिसळू नका, नाहीतर शुद्धीकरण करणारे ते घेत नाहीत. फिल्टरच्या गोल बाजूला भोक पाडून रात्रभर उलटा ठेवा, पेलाभर ऑइल निघतं. गॅरेजात काम करून घेत असाल तर जुनं ऑइल कुठं जातं ते विचारा. नोंदणी असलेल्या पुनर्वापर करणाऱ्याला देणारं गॅरेज निवडा. इथले नाले ठाणे खाडीत उतरतात, त्या खाडीला २०२२ मध्ये रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) दर्जा मिळाला आहे आणि फ्लेमिंगो तिथंच चरतात. काम करताना नायट्राइलचे हातमोजे घाला. काजळीच्या ऑइलमधली काही द्रव्यं वर्षानुवर्षं कातडीला लागत राहिली तर कर्करोगाचा धोका असतो, आणि हे गॅरेजातल्या पोरांना कुणी सांगत नाही.